पिलातापाशी पडणारं मेण

सांता क्लारात तांबं पारखायला घड्याळ लागत नाही, क्रेदो लागतो. "मी मानतो" अशी सुरू होऊन आमेनला संपणारी ती प्रार्थना. ती येत नाही असं माणूस गावात नव्हतं, आणि ती दोन्या प्रिसिलियाना उइपेसारखी म्हणता येते असंही माणूस नव्हतं. निदान दोन्याचं, म्हणजे बाईंचं, स्वतःचं तसं मत होतं, आणि तिच्या मतापुढे तांबं घडवणाऱ्या ठोकारांच्या गल्लीत दुसरं मत उभं राहत नसे.

पारखायची रीत साधी. तांब्याच्या लगडीचा तुकडा तोडायचा, ठोकून करंगळीएवढ्या रुंदीची पट्टी काढायची. पट्टीच्या खालच्या अंगाला, टोकापासून सहा बोटं सोडून, देवळातल्या मेणबत्तीचं वाटाण्याएवढं मेण चिकटवायचं. मग टोक निखाऱ्यात खुपसायचं, आणि त्याच क्षणी दोन्या प्रिसिलियानानं तोंड उघडायचं. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा बाप, त्याचा एकुलता एक पुत्र, पवित्र आत्म्यानं राहिलेला गर्भ, मारियेच्या पोटचा जन्म, मग पंतय पिलाताच्या अमलातले हाल. पिलाताचं नाव आलं आणि मेण टपकन पडलं, की ते तांबं कढईचं. खुशाल त्यात डुकराचं मटण तळा, दुधाची बर्फी आटवा, आच सगळीकडे सारखी पोचणार. पिलात होऊन गेला, देव मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठला तरी मेण चिकटलेलंच, तर त्या तांब्याच्या फुलदाण्या करायच्या. आणि आमेनपर्यंत मेण हललं नाही, तर दोन्या म्हणायची, "ने बाबा, याच्या घंटा कर आणि शहरातल्या लोकांना विक. त्यांना वाजलं म्हणजे झालं."

ही रीत तिच्या सासऱ्याची. सासरा गेला, नवरा गेला, रीत तिच्याकडे आली. शाळेचं तोंड तिनं दीड वर्ष पाहिलं होतं, तेही शाळेचं छप्पर उडालं म्हणून सुटलं. पण चाळीस वर्षं गल्लीतली प्रत्येक लगड तिच्या तोंडाखालून गेली होती. फक्त अलीकडे एका घरची सोडून.

ते घर तिच्या विहिणीचं. दोन्या ओतिलिया पुरेको. तिची पोर निकानोरा प्रिसिलियानाच्या मुलाला, आन्सेल्मोला, दिली त्याला अकरा वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीत टर्कीच्या रश्श्यात मिरची कमी की जास्त यावरून दोघी विहिणींचं जे बिनसलं, ते अजून सांधलं नव्हतं. दोघींच्या घरांत अंतर चार दारांचं. बोलणं सगळं निकानोरामार्फत, आणि निकानोरा दोन्हीकडचं थोडं थोडं गाळून सांगायची म्हणून गल्लीत शांतता होती.

त्या वर्षी उत्सवाची मोठी कढई फुटली. ऑगस्टात मारियामातेच्या उत्सवाला सगळ्या गावाला मक्याची गोड पेज वाटतात, ती याच कढईत शिजायची. साठ वर्षं चालली. तिच्या काठावर उइपे घराण्याचा ठसा होता, सासऱ्याच्या हातचा: एक मासा आणि त्याच्या पोटात क्रूस. दरवर्षी वाटपाच्या रांगेत उभं राहिलं की दोन्या प्रिसिलियाना आधी पेजेकडे बघायची नाही, माशाकडे बघायची. आता नवी कढई करायची, म्हणजे नवा ठसा बसणार. तो आपलाच बसायला हवा. आपण मेल्यावर साठ वर्षं लोकांनी आपला मासा बघत पेज प्यायची, एवढं एकच तिला या जगाकडून अजून येणं होतं.

उत्सवाचा कारभारी दॉन एलेउतेरिओ पोट पुढे काढून अंगणात आला.

"दोन्या, काम तुमचंच होतं. पण तुमच्या विहीणबाईंनीही अर्ज टाकलाय."

"तिनं काय टाकलं? तिनं तर माझ्या पंगतीत मीठसुद्धा टाकलं नव्हतं."

"त्या म्हणतात, दोघींच्या तांब्याची पारख व्हावी. देवळाच्या आवारात, सगळ्यांसमोर. आणि..." दॉन एलेउतेरिओनं टोपी हातात घेतली. "म्हणतात, एकाच निखाऱ्यात दोन्ही पट्ट्या, एकाच क्रेदोत."

"क्रेदो कोण म्हणणार?"

"तुम्हीच म्हणा म्हणाल्या. त्या म्हणाल्या, बाई खोटारडी असेल, पण देवाच्या नावानं लबाडी करायची नाही."

दोन्या प्रिसिलियानाला ही स्तुती की शिवी हे ठरवायला जरा वेळ लागला. मग तिनं ठरवलं की शिवी होती, आणि आव्हान स्वीकारलं.

"सांगा तिला, रविवारी या म्हणावं. येताना पदराला रुमाल बांधून आणा. रडायला लागेल."

मागे भाकऱ्या भाजत बसलेली निकानोरा म्हणाली, "हे मी आईला कसं सांगू, सासूबाई?"

"जसंच्या तसं सांग. एवढी वर्षं गाळून सांगतेस, तरी तुझ्या आईला माझी मिरची लागतेच."

आन्सेल्मो भट्टीपाशी उभा होता. पन्नाशीचा, हातोड्यासारखे हात, आणि आईसमोर तोंडात जीभ नसल्यासारखा. तो काहीतरी बोलणार होता, पण त्यानं भात्याला हात घातला.

रविवारी देवळातली मिस्सा-प्रार्थना संपली तसं गाव आवारात उभं राहिलं. दोन दगडांत निखारे पेटले होते. ओतिलिया पुरेको आपली पट्टी सांडशीत धरून आली. तिनं नवी शाल काढली होती. प्रिसिलियानानं ती पाहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "विहीणबाई, शाल निखाऱ्यापासून लांब ठेवा. उसनी असेल."

"तुमच्याकडून आणायला हवी होती खरं," ओतिलिया म्हणाली, "पण तुमच्या पेटीला कसर लागलीय असं पोरगी सांगते."

"मी असलं काही सांगत नाही हं!" निकानोरा गर्दीतून ओरडली. लोक हसले.

दोन्ही पट्ट्यांवर एकाच मेणबत्तीचं मेण. रुंदी, जाडी दॉन एलेउतेरिओनं बोटानं मापली आणि मान हलवली, जसं काही त्याला जाडी समजत होती. पट्ट्यांची टोकं एकदम निखाऱ्यात गेली. दोन्या प्रिसिलियानानं डोळे मिटले आणि सुरू केलं. सावकाश, प्रत्येक शब्दाला मान देत. तीन वर्षांपूर्वी पात्स्क्वारो शहरातल्या दातांच्या डॉक्टरनं तिला कवळी बसवली, तेव्हापासून तिच्या प्रार्थनेला एक भारदस्तपणा आला होता. स आणि श सांभाळून म्हणावे लागत, नाहीतर कवळी शीळ घालायची. लोक म्हणत, दोन्या आता बिशपासारखी म्हणते. तिलाही ते पटलं होतं.

"...आमचा प्रभू, जो पवित्र आत्म्याच्या..."

टप्.

तिनं डोळे उघडले. ओतिलियाच्या पट्टीचं मेण राखेत पडलं होतं. तिच्या स्वतःच्या पट्टीचं मेण जागेवर घट्ट होतं. जिभेला सवय होती म्हणून ती पुढे चालत राहिली. मारियेच्या पोटी जन्म झाला, पिलाताचं नाव आलं, आणि बरोबर त्या नावावर तिच्या पट्टीचं मेण पडलं.

मग म्हातारा सेवेरो ठोकार, ज्याला सगळं आधीच माहीत असतं, तो पुढे झाला.

"पिलातापाशी पडलं ते उइपेंचं. हे काय सांगायला हवं?"

"अरे पण माझं आधी पडलं!" ओतिलिया म्हणाली.

"तेच तर, बाई. आधी पडलं. चाळीस वर्षांत पवित्र आत्म्यापाशी कोणाचं मेण पडलंय का? काहीतरी घातलंय तुम्ही तांब्यात."

"काय घातलंय? तांबं घातलंय!"

"मेण वितळायची घाई आहे त्याला," कोणीतरी म्हणालं. "उतावळं तांबं. पेज करपवेल."

"दूध तर फाडेल."

दॉन एलेउतेरिओनं हात वर केला. "तांबं पिलातापाशी चांगलं, हा नियम. पिलाताआधी नाही, पिलातानंतर नाही. उइपे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्या प्रिसिलियाना उभी होती, आणि तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. एकच निखारा, एकच मेण, एकच क्रेदो. विहिणीच्या पट्टीतून आच आधी पोचली. बाकी सगळं लोकांना कळत असेल, पण तांब्यातून आच आधी पोचणं हा तांब्याचा दोष, हे तिला तिच्या सासऱ्यानं कधी शिकवलं नव्हतं.

ओतिलिया तिच्याजवळून जाताना थांबली. रुमाल तिनं आणला नव्हता. "अभिनंदन, विहीणबाई," एवढंच म्हणाली. ते शब्द शिवीपेक्षा वाईट लागले, कारण त्यात काही टाकलेलं नव्हतं.

घरी आल्यावर दोन्यानं पोळीचा तुकडाही तोडला नाही. हिरड्या ठणकत होत्या, म्हणून कवळी काढून पाण्याच्या वाटीत टाकली. मग ती तशीच बोळक्या तोंडानं भट्टीपाशी गेली.

"पट्टी आण. आपलीच."

"आई, आत्ताच तर झालं..."

"आण म्हणते ना."

आन्सेल्मोनं पट्टीला नवं मेण लावलं आणि टोक निखाऱ्यात धरलं. दोन्यानं क्रेदो सुरू केला. दात नव्हते, त्यामुळे जपायला काही नव्हतं. जीभ मोकळी सुटली, पूर्वी सुटायची तशी, कणसाचे दाणे सोलावेत तशी भराभर. पिलात आला. मेण हललं नाही. देव क्रूसावर मेला. पुरला. पाताळात उतरला. तिसऱ्या दिवशी उठला, आकाशात चढला, बापाच्या उजव्या हाताशी बसला. तिची जीभ अडखळायला लागली, पण थांबली नाही. तिथून तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल, असं ती म्हणाली, आणि त्या न्यायावर मेण पडलं.

भाता थांबला. आन्सेल्मो निखाऱ्यांकडे बघत होता.

"काय घातलंयस यात?" तिनं विचारलं. दात नसल्यामुळे ते मऊ आलं, आणि बहुधा म्हणूनच त्यानं उत्तर दिलं.

"पितळी तोट्या. जुन्या नळांच्या. थोड्या."

"माझ्या सासऱ्याच्या भट्टीत तोट्या? कधीपासून?"

"तीन वर्षं."

"का रे मेल्या? तांबं मिळत नव्हतं?"

"मिळत होतं की." आन्सेल्मोनं पहिल्यांदा मान वर केली. "तूच नको म्हणालीस. आठवत नाही? कवळी आल्यावर मी पहिली लगड आणली, शुद्ध, आजोबा करायचे तशी. मेण मारियेपाशीच पडलं. तू म्हणालीस, मेणात लोणी कालवलंय, मला फसवतोस. दुसरी आणली, तीही आधीच पडली. तू सांडशी फेकून मारलीस. ही बघ खूण. मग मी एक तोटी टाकली. जरा पुढे सरकलं. दोन टाकल्या. तीन टाकल्यावर बरोब्बर पिलातापाशी पडलं, आणि तू म्हणालीस, आता कसं माझं लेकरू शोभतंस."

दोन्या प्रिसिलियाना भट्टीच्या कट्ट्यावर बसली.

"आणि गल्लीतले बाकीचे?"

"ते काय वेडे आहेत? त्यांचीही लगड तू परत पाठवायचीस. प्रत्येकानं आपापलं काहीतरी शोधलंय. सेवेरो मोटारीच्या रेडिएटरच्या जाळ्या वितळवतो, डाग दिलेल्या शिशासकट. सगळ्यांचं पिलातापाशी पडतं. म्हणून तर तुझ्या क्रेदोला सगळे एवढे मानतात."

दारात निकानोरा उभी होती. तिला हे सगळं माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"आणि तुझी आई?" दोन्यानं विचारलं.

"आई तुमच्याकडे लगड आणतच नव्हती ना, सासूबाई. तिला कोणी सांगितलंच नाही तांबं बिघडवायला."

सगळ्या गल्लीत चांगलं तांबं एकाच घरी उरलं होतं, आणि ते का, तर त्या घराशी तिचं भांडण होतं. तिला हसू आलं, आणि दात नसताना हसू आलेलं तिला आवडत नसे.

आन्सेल्मोनं कढईसाठी लगड ओतायची का असं विचारलं, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो भोपळ्याचे वेल बांधायला निघून गेला. मासा तिच्या डोळ्यांसमोर होता, पोटातल्या क्रूसासकट. शुद्ध तांबं आणून कढई करता आली असती. कोणाला काही कळलं नसतं, आणि मासा साठ वर्षं पोहत राहिला असता. तिनं हे दोनदा मनाशी ठरवलं, आणि दोनदा तिला ओतिलियाचं ते कोरडं "अभिनंदन" ऐकू आलं. देव माफ करतो, असं ती रोज म्हणत होती. विहीण माफ करते, असं कुठल्याच प्रार्थनेत लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ती आवारात उभी राहिली. कवळी रुमालात गुंडाळून मुठीत होती.

"निखारे पेटवा," तिनं सांगितलं. "आणि विहीणबाईंना म्हणावं, तीच पट्टी घेऊन या. गेल्या रविवारची."

ओतिलिया आली. तोंड आवळलेलं.

"आता काय राहिलंय? पट्टी वितळवून पिऊ का?"

"धरा निखाऱ्यात. आन्सेल्मो, तूही धर." मग दोन्या लोकांकडे वळली. "ऐका. गेल्या रविवारी मी चुकले. तांबं विहीणबाईंचं चांगलं. माझं भेसळीचं. माझी कवळी आली तेव्हापासून माझा क्रेदो लांबला, आणि मला ते कळलं नाही. तुमचं सगळ्यांचं तांबं माझ्या तोंडानं बिघडवलं. आता बिनदातांचा ऐका."

आणि तिनं सोडला क्रेदो, सासऱ्याच्या वेळचा, श्वास न घेता. लोक डोळे विस्फारून ऐकत राहिले. पिलाताचं नाव आलं, आणि ओतिलियाच्या पट्टीचं मेण टपकन पडलं. आन्सेल्मोच्या पट्टीचं लोंबत राहिलं, ते थेट न्यायाच्या दिवसापर्यंत.

दोन्यानं घाम पुसला. "बघितलंत?"

"बघितलं," म्हातारा सेवेरो म्हणाला. "बघितलं, दोन्या. गेल्या रविवारी पुरेकोंचं तांबं उतावळं होतं. आठ दिवसांत सुधारलं. पिलातापाशी आलं."

"काय सुधारलं?" ओतिलिया किंचाळली. "तीच पट्टी आहे! ही बघा, माझ्या हातोडीचा घाव इथं आहे!"

"बाई, आता लपवायचं कशाला? सुधारलात, चांगलं झालं."

"आणि दोन्याचं मन बघा," एक बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली. "विहिणीला मान मिळावा म्हणून स्वतःचं मेण न्यायाच्या दिवसापर्यंत धरून ठेवलं!"

"कवळीसुद्धा काढली बिचारीनं. एवढ्या लोकांत!"

"अहो, मी खरं सांगतेय," दोन्या प्रिसिलियाना म्हणाली. "तोट्या घातल्यात आन्सेल्मोनं. सांग रे."

"घातल्यात," आन्सेल्मो म्हणाला.

"आईवर गेलाय," दॉन एलेउतेरिओ गहिवरून म्हणाला. "आईच्या शब्दासाठी स्वतःवर आळ घेतो. पोरगा असावा तर असा." त्यानं टोपी छातीशी धरली. "दोन्यांची इच्छा आपण मोडायची नाही. कढई पुरेकोंकडे. ठसा पुरेकोंचा. पण गावानं हे लक्षात ठेवायचं, की मान कोणी सोडला."

मग गावानं ते इतकं लक्षात ठेवलं की विचारू नका. दर दोन घरांतून एक बाई येऊन दोन्याचा हात चुंबून गेली. पाद्र्यांनी प्रवचनात नम्रतेचा दाखला दिला. गल्लीतल्या ठोकारांनी ठरवलं की आता तांबं पुरेकोंसारखं सुधारायचं, आणि तोट्या, मोटारीच्या जाळ्या भंगारात गेल्या, कारण बिनदातांच्या क्रेदोत त्या टिकेनात. एवढं एक भलं झालं, पण त्याचं श्रेय कोणी तांब्याला दिलं नाही.

कढई उत्तम झाली. ओतिलियाच्या चार पोरांनी आळीपाळीनं ठोकली, आणि काठावर पुरेकोंचा ठसा बसला: एक कोंबडा, मान जरा जास्तच ताठ. दोन्या प्रिसिलियाना दारात खुर्ची टाकून बसली होती तेव्हा विहीण समोर येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच या दारात, निकानोराला मध्ये न घेता.

"काय वो," ओतिलिया म्हणाली, "कारभारी म्हणतो, पहिली पेज वाटायच्या आधी मी तुमचे आभार मानायचे. सगळ्या गावासमोर. तांबं माझं, हात माझ्या पोरांचे, आणि आभार तुमचे!"

"मी काय करू? मी खरं सांगायला गेले."

"तर. पुढच्या रविवारी अजून एकदा खरं सांगा, म्हणजे लोक मला देवळाच्या पायरीवर पण उभं करणार नाहीत."

"नाही सांगत." दोन्यानं शेजारची रिकामी खुर्ची पायानं पुढे सरकवली. "बसा. उन्हात उभ्या राहून माझे आभार मानायची तालीम कशाला करता? आत सावलीत करा. मी चुका दाखवीन."

ओतिलिया खुर्चीकडे बघत राहिली. मग बसली, पण पाठ टेकली नाही.